सुताराला बोलावण्याआधी: बेळगाव भागातल्या घरात कपाटं आणि साठवणीच्या जागा कशा आखाव्यात

बेळगावच्या टिळकवाडीत आमच्या नात्यातल्या एका घरी भिंतभर नवं कपाट झालं. काम मे महिन्यात संपलं, सगळे कपडे हौसेनं लावले गेले. जूनमध्ये पाऊस लागला. नागपंचमीला लग्नातला शालू बाहेर काढला तर घडीवर पांढरट बुरशी आणि जर काळवंडलेली. सुतारकाम चोख होतं, प्लायही चांगला होता. फक्त कपाट पश्चिमेच्या भिंतीला चिकटवून बसवलं होतं, आणि त्या भिंतीत दर पावसाळ्यात ओल येते हे घरात सगळ्यांना माहीत असूनही ते कुणी बोललं नव्हतं.

गेल्या काही वर्षांत मी ओळखीच्यांची बरीच कपाटं लावून दिली. बहुतेक घरांत चूक एकच असते, ती क्रमाची. आधी सुतार येतो, मग सनमायक्याचा रंग ठरतो, मग कपाट उभं राहतं आणि शेवटी त्यात काय ठेवायचं ते बघितलं जातं. हा क्रम उलटा करायला हवा. पुढे तो टप्प्याटप्प्यानं दिला आहे. नवं कपाट करायचं नसेल, जुनंच नीट लावायचं असेल, तर टप्पा ५ ते ७ सोडा. बाकीचं सगळं तेवढंच लागू आहे.

## टप्पा १: वेळ ठरवा

गुढीपाडव्यानंतर सुरुवात करा आणि मेच्या मध्यापर्यंत सुतारकाम संपवा. मृग लागण्याआधी नव्या कपाटाला निदान दोन-तीन आठवडे दारं उघडी ठेवून वारा मिळाला पाहिजे. चिकटवायचा गोंद, पॉलिश, रंग हे सगळं कोरड्या हवेत वाळतं. जुलैत पॉलिश केलं तर त्यावर पांढरी झाक येते, आणि ओल पिऊन फुगलेल्या प्लायचं दार दिवाळीनंतर वाळलं की फटी दाखवतं.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव कोसळतो. गाद्या, वाकळा, कपडे वाळत घालायचे ते सकाळी आठला घालून दुपारी एकच्या आत उचलायचे. "ऊन कडक आहे, राहू दे चारपर्यंत" म्हणून राहिलेल्या वाकळा भिजल्या की दोन दिवसांचं काम वाढतं.

## टप्पा २: एक कपाट पूर्ण रिकामं करा

एका दिवशी एकच कपाट घ्या. सगळं घर एकदम काढलं तर संध्याकाळी झोपायला जागा उरत नाही, मग जे हाताला येईल ते परत कोंबलं जातं आणि मोहीम तिथेच संपते.

जमिनीवर जुनी चादर अंथरा आणि वस्तू पाच ढिगांत टाका: रोजच्या, अधूनमधून लागणाऱ्या, वर्षातून एकदा लागणाऱ्या, दुसऱ्याच खोलीतल्या, आणि घरातून जाणाऱ्या. या "दुसऱ्याच खोलीतल्या" ढिगाकडे नीट बघा. कपड्यांच्या कपाटात औषधं, चार्जर, लग्नाच्या पत्रिका आणि हेस्कॉमची, म्हणजे विजेची, जुनी बिलं निघाली, तर त्या वस्तूंना घरात स्वतःची जागा नाही असा त्याचा अर्थ. नवं कपाट कितीही मोठं केलं तरी त्या पुन्हा तिथेच येऊन बसतील. त्यांची जागा आधी ठरवा.

घरातल्या मोठ्या माणसांच्या वस्तू त्यांना न विचारता काढू नका. आमच्याकडे सासूबाई प्रत्येक डब्याला म्हणायच्या, "असू दे गं, लागतंय कधीतरी." त्यांच्याशी वाद घालून काही साधलं नसतं. मी एक खोकं केलं, वर तारीख लिहिली आणि सांगितलं, वर्षभर हे असंच ठेवू, लागलं तर काढू. वर्षानं त्यांनीच ते खोकं उघडलं आणि निम्मं देऊन टाकलं.

मऊ झालेल्या सुती साड्या आणि धोतरं सगळी बोहारणीला देऊ नका. चार-सहा धुऊन बाजूला ठेवा. रेशमी साड्या गुंडाळायला त्यांच्याइतकं चांगलं कापड विकत मिळत नाही.

तपासणी: रिकाम्या कपाटात डोकं घालून वास घ्या. कुबट वास आला तर पुढचा टप्पा शब्दन् शब्द वाचा.

## टप्पा ३: भिंत आणि ओल

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा टप्पा हाच, आणि लोक नेमका हाच गाळतात.

आपला पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या बाहेरच्या भिंती सगळ्यात जास्त भिजतात. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर महिनोन्‌महिने त्या वाळतच नाहीत. बेळगाव शहरात पाऊस तेवढा नाही, पण हवेतला ओलावा पुरेसा असतो. अथणी, रायबागकडे हवा कोरडी. तिथे खरा शत्रू धूळ. तिथल्या वाचकांनी ओलीचा भाग भराभर वाचला तरी चालेल, पण दाराच्या फटी बंद करण्याकडे जास्त लक्ष द्यावं.

ओल कुठे आहे त्यावरून ती कुठून येते हे बरंचसं कळतं:

- जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा असेल, लोणा (पांढरा खार) फुटला असेल, तर ओल जमिनीतून चढते आहे. जुन्या दगडी आणि जांभ्याच्या घरांत हे नेहमीचं.
- खिडकीच्या कडेला किंवा बाहेरच्या भिंतीवर मध्येच डाग असेल तर पावसाचं पाणी गिलाव्याच्या चिरेतून आत येतं.
- छताच्या कोपऱ्यात डाग असेल तर गच्ची बघा.
- डाग बाराही महिने ओला असेल आणि पलीकडे न्हाणीघर असेल तर पाइप गळतो आहे.

शंका असेल तर फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतून, म्हणजे भिंतीकडून, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतं. बाहेरून, खोलीच्या बाजूनं ओलसर झालं तर खोलीतली हवाच दमट आहे. दोन्हींचे उपाय वेगळे. पहिल्यात भिंत दुरुस्त करावी लागते. दुसऱ्यात वारा खेळवला की बरंच काम होतं.

सावधान: एप्रिलमधल्या भिंतीवर विश्वास ठेवू नका. पावसाच्या ओलीसाठी ही परीक्षा उन्हाळ्यात केली तर भिंत कोरडीच निघणार. उन्हाळ्यात फक्त खुणा शोधा: फुगलेला रंग, लोणा, पिवळसर कडा असलेले डाग. आणि घरातल्यांना विचारा, "ऑगस्टमध्ये ही भिंत कशी असते?" काम पुढच्या वर्षी करायचं असेल तर प्लास्टिक या ऑगस्टमध्येच लावून बघा. न्हाणीघराच्या भिंतीची परीक्षा मात्र केव्हाही होते.

ओल सापडली तर ती आधी बाहेरून थांबवा: गिलाव्याची चीर, गच्चीचा उतार, पाइपचा सांधा. आतून नुसता रंग मारणं किंवा ओल झाकायला भिंतीवर प्लाय ठोकणं म्हणजे ओलीला आडोसा देणं. नव्या बांधलेल्या घरातही घाई नको. गिलाव्यातलं पाणी निघायला एक पूर्ण उन्हाळा जाऊ द्या, मगच भिंतीतली कपाटं करा.

जुन्या वाड्यांतल्या फडताळाबद्दल थोडं वेगळं. शहापूर, वडगाव, खडेबाजार भागातल्या जुन्या घरांत जाड भिंतीत कोरलेली फडताळं असतात. जागा सुरेख, पण फडताळाच्या मागे उरलेली भिंत पातळ असते. ती लवकर गार पडते, आणि गार पृष्ठभागावर दमट हवेतलं पाणी जमतं. म्हणून बाहेरच्या भिंतीतल्या फडताळात कपडे आणि कागद ठेवू नका. तिथे पितळी भांडी, काचेच्या बरण्या, पूजेची उपकरणी ठेवा. घराच्या मधल्या भिंतीतलं फडताळ कपड्यांना चालतं.

तपासणी: कपाटासाठी निवडलेली भिंत पश्चिमेची किंवा न्हाणीघराची आहे का? असेल आणि दुसरी भिंत मोकळी असेल, तर कपाट त्या दुसऱ्या भिंतीला लावा, आणि लागलंच तर पलंग इकडे हलवा. कागदावर दहा मिनिटांत होतं.

## टप्पा ४: मोजा. आधी वस्तू, मग जागा

सुतार आला की तो भिंत मोजतो. तुम्ही त्याआधी तुमच्या वस्तू मोजायच्या आहेत. तुमच्या घरात नऊवारी किती, घोंगड्या किती, आणि सुना-लेकी आल्या की गाद्या किती निघतात, हे त्याला कुठून कळणार?

एका वहीत दोन रकाने करा: टांगायचं आणि घडी करून ठेवायचं. प्रत्येकाची संख्या लिहा. मग तुमच्या नेहमीच्या घडीची लांबी-रुंदी मोजा आणि दहा कपडे रचून उंची मोजा. प्रत्येक घराची घडी वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याच्या मापावर कप्पे करू नका. टांगण्यासाठी ही मापं उपयोगी पडतात:

- साधा हँगर १७ ते १८ इंच रुंद असतो. म्हणून कपाटाची आतली खोली निदान २२ इंच हवी. बाहेरून २४ इंच धरा.
- शर्ट, कुर्ते, दुहेरी घडी केलेली पँट: दांडीखाली ३८ ते ४० इंच.
- लांब पंजाबी ड्रेस, गाऊन, शेरवानी: ६० ते ६४ इंच.
- हँगरवर दुमडून टाकलेली साडी: २४ ते ३० इंच. साडीचा पन्हा ४५ इंचांच्या आसपास असतो, दुमडला की निम्मा होतो. म्हणून साड्यांना उंच कप्पा लागत नाही. एकावर एक दोन दांड्या बसतात.
- एक फूट दांडीवर शर्ट १० ते १२ मावतात. त्यापेक्षा जास्त कोंबले तर इस्त्री फुकट.

घडीच्या कपड्यांना दोन फळ्यांत १० ते १२ इंच पुरे. उंच कप्पा केला की रचलेली थप्पी कलंडते आणि खालचं ओढताना वरचं सगळं पडतं. खोलीही १४ ते १६ इंच पुरेशी. २४ इंच खोल फळीवर मागे दुसरी रांग तयार होते, आणि मागची रांग म्हणजे विसरलेले कपडे. खोल फळी टाळता येत नसेल तर तिथे ड्रॉवर किंवा ओढून घेता येणारा ट्रे करा.

वाकळा, रजया, जादा गाद्या यांना निदान १८ ते २० इंच उंचीचा कप्पा हवा, आणि तो सगळ्यात खाली किंवा सगळ्यात वर. दिवाणाच्या पेटीत त्या छान मावतात, पण तळाची फळी जमिनीला टेकलेली असेल तर आधी ती उचलून घ्या.

आता जागा मोजा. जुन्या घरांच्या भिंती ओळंब्यात (सरळ उभ्या) नसतात आणि कोपरे गुण्यात (काटकोनात) नसतात, हे गृहीतच धरा. रुंदी तीन ठिकाणी मोजा: जमिनीजवळ, कमरेजवळ आणि वर. उंची दोन्ही टोकांना मोजा. प्रत्येक वेळी सगळ्यात लहान आकडा धरा आणि त्यातून अर्धा इंच वजा करा. उरलेली फट पट्टीनं झाकता येते. मोठं झालेलं कपाट मात्र बसवताना भिंत तासावी लागते.

बिजागरीचं दार उघडायला पुढे जागा लागते. पलंग आणि कपाट यांत अडीच फूट सुटत असतील तरच अशी दारं करा. कमी सुटत असेल तर सरकती दारं घ्या, पण एक लक्षात ठेवा: सरकत्या दारात एका वेळी निम्मंच कपाट उघडतं, आणि खालच्या खाचेत धूळ साचते. रायबाग-अथणीकडे मी सरकती दारं सुचवत नाही.

सावधान: दरवाजा, खिडकीचं तावदान, पंख्याचं पातं, विजेचं बटण आणि सॉकेट यांच्या जागा आराखड्यात दाखवा. बटण कपाटाच्या मागे गेलं असं किती घरांत झालंय!

## टप्पा ५: भिंतीवर खडूनं आखा

संगणकावरची चित्रं सुंदर असतात, पण त्यात हात वर केल्यावर किती पोचतो ते कळत नाही. खडू घ्या आणि भिंतीवर खऱ्या मापाचं कपाट काढा. प्रत्येक फळी, दांडी, ड्रॉवर. मग ज्यांचं कपाट आहे त्यांना समोर उभं करा.

रोजच्या वस्तू गुडघा ते खांदा या पट्ट्यात, म्हणजे साधारण दोन फूट ते पाच फूट, आल्या पाहिजेत. गुडघेदुखी असलेल्या आजींना खालचा कप्पा आणि वरचा कप्पा दोन्ही निरुपयोगी. त्यांना मधला पट्टा पूर्ण द्या. लहान मुलांची दांडी साडेतीन फुटांवर ठेवा म्हणजे ती स्वतः कपडे अडकवतात. मुलं वाढली की दांडी वर नेता यावी म्हणून आधीच वरची भोकं पाडून ठेवायला सांगा.

हा खडूचा आराखडा दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता चुका दिसतात.

## टप्पा ६: माल

यात लांबण लावत नाही, कामापुरतं सांगते.

प्लाय घेताना प्रत्येक शीटवर आयएसआयची खूण आणि मानकाचा क्रमांक बघा. आयएस ३०३ मध्ये साधा आणि जास्त ओल सोसणारा असे दोन प्रकार येतात. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. कोरड्या खोलीतल्या कपाटाला ३०३ मधला ओल सोसणारा प्रकार चालतो. सिंकखाली, न्हाणीघराजवळ, आणि खानापूर पट्ट्यात सगळीकडेच ७१० घ्या. शीट ८ बाय ४ फुटांची येते. कापायला लागण्याआधी खूण स्वतः बघा, कापल्यावर ती कुठल्या तुकड्यावर गेली ते सापडत नाही.

एमडीएफ (लाकडाच्या बारीक तंतूंची दाबलेली पाटी) आणि भुशाची दाबलेली पाटी आपल्या पावसाळ्यात कडेनं फुगते. स्वस्त मिळतं म्हणून घ्यायचंच असेल तर प्रत्येक कड पट्टीनं बंद करून घ्या आणि जमिनीला कुठेही लावू देऊ नका. फळीचा पल्लाही बघा: सहा सूत, म्हणजे पाऊण इंच, जाडीच्या प्लायची भरलेली फळी तीन फुटांपेक्षा लांब नको, भुशाच्या पाटीची दोन फुटांपेक्षा. त्यापेक्षा लांब हवी तर मध्ये उभी पाटी द्या.

सनमायका फक्त बाहेरून लावून आतली बाजू तशीच सोडली तर दार वाकतं, कारण दोन बाजू ओल वेगवेगळी पितात. आतून पातळ का होईना, सनमायका हवाच. पैसे वाचवायचे तर रंगात वाचवा, यात नको.

सिंकखालच्या कप्प्यासाठी जुना कडप्पा आजही उत्तम. कुजत नाही, वाळवी लागत नाही.

## टप्पा ७: बसवताना समोर उभे रहा

पाच गोष्टी स्वतः बघा.

भिंत आणि कपाटाची पाठ यांत दोन इंच मोकळे. मागचा प्लाय भिंतीकडून प्रायमर मारलेला. तळ जमिनीपासून चार इंच वर, आणि खालच्या पट्टीला वारा जायला भोकं. कपाटाच्या पाठीला वर आणि खाली इंचभराची काही भोकं, त्यांना बारीक जाळी. हवा खालून शिरते, वरून निघते. एकाच ठिकाणी भोकं पाडली तर ती फिरत नाही. आणि उंच कपाट वरून भिंतीला पट्टीनं पक्कं केलेलं, कारण मुलं ड्रॉवरवर पाय देऊन चढतात आणि कपाट पुढे येतं.

पाणसळ (पातळी तपासायची पट्टी) लावल्याशिवाय दारं बसवू देऊ नका. सात फुटी दाराला चार बिजागऱ्या हव्यात. दोन-तीनवर भागवलं तर वर्षात दार खाली बसतं.

तयार लोखंडी कपाट घेत असाल तर ते साधारण साडेसहा फूट उंच आणि १९ इंचांच्या आसपास खोल असतं, त्यात हँगर तिरके बसतात. पत्रा लवकर गार पडतो, म्हणून पावसाळ्यात त्याला घाम येतो आणि गंजाचे डाग कपड्यांवर उतरतात. आतून सुती कापड अंथरा. वर्तमानपत्र अंथरायची सवय सोडा. शाई उतरते आणि कागद ओल धरतो.

तपासणी: रिकामं कपाट आठवडाभर उघडं ठेवा. नव्या गोंदाचा वास गेला की मगच भरा.

## टप्पा ८: भरणं

जड खाली, हलकं वर. सुती साड्या आठांची थप्पी चालते, रेशमी आणि काठपदरी चार-पाचच. माणशी एक कप्पा ठरवा. सामाईक कप्पा आठवड्यात अडगळ होतो.

रेशीम आणि जर. इरकल, पैठणी, शालू, खणाच्या साड्या: प्रत्येक साडी मऊ सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नका, आतली ओल आतच राहते. साडी नेसून आल्यावर लगेच आत टाकू नका. घामाची आणि अत्तराची साडी रात्रभर सावलीत वाऱ्यावर टाका. अत्तर आणि घाम जरीला काळवंडवतात. रेशीम उन्हात घालू नका, सावलीतला वारा पुरे. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, नाहीतर जुन्या साड्या घडीवरच विरतात.

घोंगड्या आणि लोकर. यांना कसर लागते. ठेवण्याआधी सकाळच्या उन्हात झटकून, दोन्ही बाजूंनी वाळवून, मग वेखंडाचे तुकडे कापडात बांधून मध्ये ठेवा. कडुनिंबाचा पाला घालायचा तर खडखडीत वाळलेला. अर्धवट वाळलेला पाला स्वतःच बुरशी आणतो.

डांबर गोळ्या. कपड्याला टेकू नयेत, पुडीत बांधून कोपऱ्यात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत आणि अंथरुणात अजिबात नको; काही बाळांना त्या वाफेनं गंभीर त्रास होतो. मुलं त्या गोळ्या गोड समजून तोंडात घालतात हेही ध्यानात ठेवा.

कागदपत्रं. आपल्या भागात एका घरात मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तीन भाषांची कागदपत्रं असतात: पहाणी (जमिनीचा उतारा), घरपट्टी, रेशन कार्ड, शाळेचे दाखले, जुने मोडी कागदसुद्धा. माणसाप्रमाणे नको, कामाप्रमाणे फाइल करा: जमीन, घर, बँक, शिक्षण, दवाखाना. फाइलीवर मराठीत नाव लिहाच, जोडीला कन्नडमध्येही लिहा. पहाणीची फाइल तलाठ्याकडे कोण घेऊन जाईल ते सांगता येत नाही, आणि घरातली कन्नड माध्यमात शिकलेली नातवंडं तीच फाइल पटकन शोधतात. कागदांची पेटी खालच्या कप्प्यात ठेवू नका.

माळा. वर्षातून एकदा लागणारंच वर जाऊ द्या: गणपतीच्या सजावटीचं सामान, गौरीचे मुखवटे, आकाशकंदील, प्रवासाच्या बॅगा. मुखवटे मऊ कापडात, वेगळ्या खोक्यात, वर दुसरं काही न ठेवता. एक माणूस शिडीवरून एकट्यानं उतरवू शकेल एवढंच वजन एका खोक्यात भरा. नाव खोक्याच्या समोरच्या बाजूला लिहा. झाकणावर लिहिलेलं खालून दिसत नाही. गणपतीचं खोकं पुढे आणि दिवाळीचं मागे ठेवा, कारण आधी गणपती येतात.

शेवटी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा: कुठल्या कप्प्यात काय. घरातलं एकच माणूस सगळं जाणत असेल तर ते माहेरी गेलं की कपाट पुन्हा उलथतं.

## टप्पा ९: पावसाळ्यातली निगा

इस्त्रीचे गरम कपडे आणि "जवळजवळ वाळलेले" कपडे कपाटात जाऊ देऊ नका. जुलैत दोरीवर तीन दिवस राहिलेला शर्ट हाताला वाळलेला वाटतो, पण कॉलर आणि शिवणी ओल्याच असतात. गालाला लावून बघा. गार लागला तर ओला आहे.

आठवड्यातून एकदा, पाऊस उघडला असेल त्या दिवशी, तासभर दारं उघडून पंखा लावा. धो धो पावसात उघडू नका, बाहेरची दमट हवाच आत भराल.

ओल शोषणारे डबे ठेवत असाल तर सगळ्यात खाली ठेवा. त्यात खारं पाणी साठतं आणि वरच्या फळीवरून सांडलं तर कपड्यांचे डाग जात नाहीत. जुनी रीत म्हणजे मडक्यात कळीचा चुना. ती चालते, पण मडकं एक तृतीयांशच भरा, कारण ओल पिऊन चुना फुगतो. पाणी लागलं तर तो भाजतो, म्हणून लहान मुलं असलेल्या घरात तो नकोच.

बुरशी दिसलीच तर कपडा घरात झटकू नका, बुरशीची धूळ दुसऱ्या कपड्यांवर बसते. नाकाला रुमाल बांधून बाहेर नेऊन मऊ ब्रशनं झाडा. रिकामी फळी पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळल्याशिवाय काही परत ठेवू नका. जरीच्या साडीला मात्र घरगुती प्रयोग करू नका, ती चांगल्या ड्रायक्लीनवाल्याकडे द्या.

नवरात्राआधी घरातली सगळी अंथरुणं धुवायची आपली पद्धत आहे. त्या दिवसांत ऊन येतं-जातं, म्हणून सगळं एकाच दिवशी धुवायला काढू नका. जेवढं एका दिवसात खडखडीत वाळेल तेवढंच काढा. रिकाम्या कप्प्याला तोवर वारा मिळतो, आणि ऑक्टोबरचं ऊन लागलं की रेशीम सोडून बाकी सगळं एकदा बाहेर काढून ठेवता येतं.

नव्या कपाटाच्या पहिल्या जुलैत एक काम नक्की करा. खालचा कप्पा रिकामा करून तळहात मागच्या प्लायला टेकवा. गार आणि चिकट लागला, तर मागची दोन इंचांची फट कुठेतरी बंद झाली आहे. बहुतेक वेळा तिथे घसरून पडलेला टॉवेल किंवा खोक्याचा पुठ्ठा सापडतो. तो काढा, भोकांवरची जाळी झाडा आणि आठ दिवसांनी पुन्हा हात लावून बघा.